तांबं, चीक आणि लोखंड : अटलांटिकच्या केबलचं प्रकरण

दाढेचं रूट कॅनाल करताना डॉक्टरांच्या ट्रेमध्ये उदबत्तीच्या काडीहून बारीक, टोकाला निमुळत्या, फिकट नारिंगी काड्या मांडलेल्या असतात. दातातली पोकळी साफ झाली की त्यातली एक आत सरकवतात, तापवलेल्या हत्याराने दाबतात आणि वर उरलेलं टोक कापून टाकतात. मी आ वासून पडलेलो असताना डॉक्टर असिस्टंटला म्हणाल्या, "गटापर्चा दे." तोंड बधिर होतं म्हणून गप्प बसलो. पण या शब्दाशी माझी ओळख दवाखान्यातली नाही, वर्गातली आहे. अभियांत्रिकीच्या मुलांना पदार्थांची निवड शिकवताना मी एक प्रकरण दरवर्षी हमखास घेतो, आणि त्याचा नायक हाच पदार्थ. साल कोणतं विचारता त्यावर खलनायकही.

प्रकरण थोडक्यात असं. १८५८ साली आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटापासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिकच्या तळावर टाकलेली तारायंत्राची केबल तीनेक आठवड्यांत मेली. १८६६ साली जवळपास त्याच मार्गावर टाकलेली केबल चालली. दोन्हींच्या पोटात तांबं, तांब्याभोवती गटापर्चा, त्यावर वाख आणि बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत. मी एवढंच फळ्यावर लिहितो आणि विचारतो, मग बदललं काय? "टेक्नॉलॉजी सुधारली असेल सर" हे उत्तर ठरलेलं. ते कुठल्याही प्रश्नाला चालतं, म्हणून कुठल्याच कामाचं नाही. बदलले ते आकडे, कंत्राटातल्या अटी आणि माल ताब्यात घेताना तो तपासायची रीत. पदार्थाचं नाव कागदावर लिहिणं हा निवडीतला सगळ्यात सोपा भाग असतो, हे मुलांच्या डोक्यात उतरावं म्हणून हे प्रकरण.

चिकूच्या कुळातला चीक

गटापर्चा म्हणजे मलायाच्या जंगलातल्या एका झाडाचा वाळलेला चीक. हे झाड चिकू, मोह, बकुळ, खिरणी यांच्या कुळातलं. कच्चा चिकू चिरताना बोटांना लागणारा आणि साबणालाही दाद न देणारा चीक आठवा, त्याचाच हा चुलतभाऊ. सिंगापूरला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले सर्जन विल्यम माँटगोमेरी यांनी तिथल्या लोकांच्या कोयत्यांना याच्या मुठी पाहिल्या आणि १८४३ साली नमुने लंडनला धाडले. गरम पाण्यात टाकला की कणकेसारखा मळता येतो, गार झाला की लाकडासारखा टणक. रबर आणि गटापर्चा रसायनाने सख्खे भाऊ, दोन्ही आयसोप्रीनच्या लांब साखळ्या. फक्त दुव्यांची मांडणी वेगळी. रबराची साखळी वेटोळी राहते म्हणून ते ताणतं. गटापर्चाची सरळ बसते, साखळ्या एकमेकींना लागून रचल्या जातात, म्हणून तो घट्ट होतो.

त्याच्याआधी पाण्याखालून तार न्यायची तर तांब्यावर काय चढवायचं हा प्रश्नच होता. १८३९ साली विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्त्यात हुगळीच्या पात्राखालून तार नेली तेव्हा डांबर लावलेलं सूत आणि वेताच्या पट्ट्या वापरल्या. नदीपुरतं ठीक, समुद्राला ते पुरणारं नव्हतं. कच्चं रबर काही काळाने चिकट होऊन पाझरतं. गंधक घालून पक्कं केलेलं रबर टिकतं, पण त्यातलं गंधक तांब्याला काळं करून खातं, म्हणून तांब्याला आधी कथिलाचा मुलामा द्यावा लागतो. गटापर्चाचं तसं नव्हतं. मायकल फॅरडे यांनी १८४८ साली तो उत्तम विद्युतरोधक असल्याचं लिहिलं. वेर्नर सीमेन्स यांनी त्याआधीच, १८४७ साली, शेवेच्या सोऱ्यासारखं यंत्र बनवलं होतं. मऊ गटापर्चा दाबून तारेभोवती अखंड नळीसारखा चढवायचा, कुठे शिवण नाही, कुठे फट नाही.

आणि समुद्राचा तळ त्याला मानवतो. थंडीत त्याची रोधकता कित्येक पटींनी वाढते, पाण्याच्या दाबाने तो आणखी घट्ट होतो, खारं पाणी त्याचं काही बिघडवत नाही. हवा आणि ऊन मात्र लागू द्यायचं नाही, तो तडकून भुगा होतो. ६० अंशांच्या आसपास तो पूर्ण मऊ पडतो, पण सैल व्हायला बराच आधी लागतो. आमच्या प्रकरणातली निम्मी गोची या एका वाक्यात आहे.

घाईत दिलेली ऑर्डर

अटलांटिक टेलिग्राफ कंपनी १८५६च्या अखेरीस उभी राहिली. भांडवल साडेतीन लाख पौंड. अमेरिकन उद्योजक सायरस फील्ड यांना पुढच्याच उन्हाळ्यात केबल टाकायची होती. पोटातल्या तारेची ऑर्डर तंत्रज्ञांचं बोलणं पुरं व्हायच्या आतच गेली. दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबं आणि २६१ पौंड गटापर्चा, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे २६ किलो तांबं आणि ६४ किलो गटापर्चा. कंपनीचे मुख्य अभियंता चार्ल्स ब्राइट यांना दोन्ही साडेतीन हंड्रेडवेट, म्हणजे दर मैलाला ३९२ पौंड हवं होतं. तांब्याचा आकडा त्यांच्या मागणीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास राहिला. आपल्याकडे पुलाच्या सळया ठरायच्या आधी पायाचं टेंडर निघतं, तसंच हे.

जाड तांबं कशाला हवं, हा वाद त्या काळात खराच वाद होता. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५५ साली मांडलं होतं की समुद्राखालची केबल ही नुसती तार नसते. तांबं आणि बाहेरचं पाणी यांच्यामध्ये रोधक, म्हणजे ती हजारो मैलांची एक साठवणूक आहे. एका टोकाला दिलेला विजेचा ठोका आधी ही साठवणूक भरतो आणि मग हळूहळू दुसऱ्या टोकाला उगवतो. होणारा उशीर तारेचा रोध आणि साठवणक्षमता यांच्या गुणाकाराबरोबर वाढतो, आणि लांबी दुप्पट झाली तर चौपट होतो. उपाय दोन, तांबं वाढवा आणि रोधक जाड करा. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस पेशाने सर्जन होते. त्यांना हे पटलं नाही. बारीक तार चालेल, जोर लावून ढकलू, असा त्यांचा पवित्रा.

थॉमसन यांनी तांब्याबद्दल आणखी एक गोष्ट शोधली. वर्गात सगळ्यात जास्त वेळ मी तिच्यावर घालवतो. १८५७ साली त्यांनी वेगवेगळ्या गिरण्यांतून आलेल्या तारांचे तुकडे मोजले. दिसायला सारख्याच लालसर, चकचकीत, वाकवल्या तर सारख्याच वाकणाऱ्या. पण उत्तम तुकड्यातून वाईट तुकड्याच्या जवळपास दुप्पट वीज वाहत होती. तोवर तांबं म्हणजे तांबं, अशी समजूत. पुढे ऑगस्टस मॅथिसन यांनी सरकारी चौकशीसाठी हेच काम खोलात जाऊन केलं. अमेरिकेतल्या लेक सुपीरियरचं तांबं शुद्ध तांब्याच्या जवळ पोहोचलं, तर स्पेनच्या रिओ टिंटोच्या एका नमुन्याची वाहकता शुद्ध तांब्याच्या १४ टक्क्यांच्या आसपास निघाली. त्यात आर्सेनिक होतं. हंडा-कळशी बनवणाऱ्या तांबटाला त्याने काही फरक पडत नाही, ठोकून झाली की कळशी ती कळशीच. दोन हजार मैल संदेश न्यायचा तर सगळा फरक तिथेच पडतो. मैलाला किती पौंड तांबं एवढंच लिहिलेल्या कंत्राटात खरं तर तांब्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

बाहेरचं चिलखत दोन कारखान्यांना दिलं, एक लंडनजवळ ग्रीनिचला, दुसरा लिव्हरपूलसमोर बर्कनहेडला. प्रत्येक बारीक लोखंडी तार पाऊण मिलिमीटरच्या आत. अशा सात तारांची एक दोरी, आणि अशा १८ दोऱ्या केबलभोवती गुंडाळलेल्या. म्हणजे छेद घेतला तर १२६ तारा. अडीच हजार मैलांच्या केबलला तीन लाख मैलांच्या वर लोखंडी तार लागली. केबल लवचीक राहावी म्हणून बारीक तारा घेतल्या. पण बारीक तार म्हणजे तेवढ्याच लोखंडाला जास्त पृष्ठभाग, आणि पृष्ठभाग म्हणजे गंज. त्यावर कडी म्हणजे एका कारखान्याने पीळ उजवा दिला, दुसऱ्याने डावा. दोन्ही अर्ध्या एकमेकींना जोडल्या तर पीळ उलगडणार हे केबल तयार झाल्यावर लक्षात आलं. सुंभ वळणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याने हे पहिल्या दिवशी विचारलं असतं. शेवटी सांध्यावर खास लाकडी चौकट बसवून निभावून नेलं.

मेणाची चकती

१८५७च्या उन्हाळ्यात तयार केबल कारखान्याच्या आवारात उघड्यावर पडून होती. त्या वर्षीची मोहीम फसली, केबल तुटली. उरलेली वेटोळी हिवाळाभर प्लिमथजवळ कीहॅमला ठेवली. उन्हात गटापर्चा मऊ पडला आणि आतली तांब्याची तार स्वतःच्या वजनाने एका बाजूला सरकली.

यावर मी मुलांना एक प्रयोग करायला लावतो. बोटाएवढ्या जाड प्लास्टिकच्या नळीत मधोमध तांब्याची तार धरायची, भोवती वितळलेलं मेण ओतायचं आणि गार होऊ द्यायचं. मग मे महिन्यात गच्चीवर, नळीला थोडा बाक देऊन, दोन दुपारी ठेवायची. नंतर काकडीसारख्या चकत्या कापायच्या. पहिल्या चकतीत लाल ठिपका मधोमध असतो. बाक दिलेल्या जागेच्या चकतीत तो कडेला येऊन टेकलेला असतो, एका बाजूला मेणाचा जाड थर आणि दुसरीकडे नखाएवढा पापुद्रा. एकूण मेण तेवढंच आहे, वजन केलं तर कागदावरचा आकडा बरोबर येतो. पण वीज पापुद्र्यातूनच बाहेर पडणार. १८५८च्या केबलमध्ये गटापर्चाची जाडी सर्व बाजूंनी साडेतीन मिलिमीटरहून जास्त असायला हवी होती. काही ठिकाणी ती तशी नव्हती.

२९ जुलै १८५८ला 'ॲगमेम्नॉन' आणि 'नायगारा' या दोन जहाजांनी समुद्राच्या मध्यावर दोन टोकं जोडली आणि विरुद्ध दिशांना निघाली. ५ ऑगस्टला दोन्ही टोकं किनाऱ्याला लागली. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांना गेला. तो पोहोचायला सुमारे १६ तास लागले. न्यूयॉर्कात आतषबाजी झाली. टिफनी या जवाहिऱ्यांनी उरलेली केबल विकत घेऊन तिचे चार इंची तुकडे, दोन्ही टोकांना पितळी टोप्या घालून, ५० सेंटला एक असे विकले. काही आजही संग्रहालयांत आहेत. करंगळीएवढी जाड वस्तू, मध्ये दोनेक मिलिमीटर तांबं. ते पाहिलं की मला हसू येतं आणि भीतीही वाटते.

या केबलचा एक धागा आपल्याकडे येतो. १८५७चा उठाव शमत आला होता, आणि कॅनडातून दोन पलटणी मायदेशी आणण्याचे हुकूम आधीच निघाले होते. आता त्यांची गरज नाही, हॅलिफॅक्सच्या ६२व्या पलटणीने निघू नये, हा लंडनचा संदेश ३१ ऑगस्टला याच केबलवरून गेला. त्या एका निरोपाने सरकारचे सुमारे ५० हजार पौंड वाचले असं तेव्हाच मांडलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून केबल जवळजवळ मुकी झाली.

दोष व्हाइटहाउस यांच्यावर गेला. संदेश पोहोचत नाहीत म्हणून त्यांनी मोठाल्या वेटोळ्यांमधून २,००० व्होल्टच्या आसपास दाब लावला होता. माणूस हट्टी होता हे खरंच, पण त्यांना एकट्याला फासावर चढवणं मला पटत नाही. दोन हजार व्होल्टने भोक पडायला पापुद्रा आधीपासून हजर असावा लागतो. तो उन्हात, आवारात, कुणी न मोजता तयार झाला होता. नोकरी मात्र त्यांचीच गेली, कारण बटण दाबणारा हात त्यांचा होता.

लाल समुद्र

अटलांटिकची गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते. तिच्या पाठोपाठ झालेली मोठी फजिती त्या मानाने कमी सांगितली जाते, खरं तर आपल्याला ती जास्त जवळची. उठावानंतर लंडनला हिंदुस्थानशी तारेने बोलायचं होतं. १८५९ आणि १८६० या दोन वर्षांत सुएझ, एडन, मस्कत आणि कराची अशी केबल पडली. तांबं अटलांटिकपेक्षा जास्त, दर मैलाला १८० पौंड. गटापर्चा मात्र कमी, २१२ पौंड. लाल समुद्राच्या पाण्याला उन्हाळ्यात ३० अंश सहज असतात. थंड अटलांटिकसाठीसुद्धा जिथे २६१ पौंड ठरले होते, तिथे उष्ण, उथळ पाण्यासाठी कमी, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. पैसे वाचले, एवढं उघड आहे.

केबल टाकताना ढील पुरेशी सोडली नाही. पतंग उडवणाऱ्याला ढील म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तळ खडकाळ, प्रवाळाचा, तर केबल खालीवर बसायला थोडी सैल हवी. ताणून टाकलेली केबल दोन प्रवाळ-शिखरांवर दोरीवरच्या धुण्यासारखी लोंबकळत राहिली. लोंबकळणाऱ्या भागावर शिंपले, कालवं आणि प्रवाळ साठले, वजन वाढत गेलं. बाहेरच्या लोखंडाला जस्त नव्हतं, ते गंजून गेलं. तुकडे एकेक करून काही काळ चालले, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही तार कधी गेली नाही.

अटलांटिकच्या अपयशानंतर ब्रिटिश व्यापार मंडळ आणि अटलांटिक कंपनी यांनी मिळून चौकशी समिती बसवली होती. अध्यक्ष कॅप्टन डग्लस गॅल्टन, सभासदांत चार्ल्स व्हीटस्टन, विल्यम फेअरबेर्न, क्रॉमवेल व्हार्ली, लॅटिमर क्लार्क असे जाणते. १८६१ साली अहवाल आला. तोवर जगभर टाकलेल्या ११,३६४ मैल केबलपैकी चालू होती सुमारे ३,००० मैल. मी मुलांना हा आकडा लिहून घ्यायला लावतो. समितीने तांबं, गटापर्चा, रबर, लोखंड, वाख सगळं पुन्हा तपासलं. तापमान बदललं, दाब बदलला, सांधे उघडून पाहिले. गटापर्चा टाकून द्या असं अहवाल म्हणत नाही. त्याला कसं वागवायचं ते सांगतो.

पहिली सुधारलेली केबल पडली ती पुन्हा आपल्याच वाटेवर, इराणच्या आखातात, १८६४ साली. तांबं २२५ पौंड, गटापर्चा २७५, बाहेर १२ जाड लोखंडी तारा. त्यांना जस्ताचा मुलामा, त्यावर वाख आणि डांबराचं लेपण. ही केबल पाच शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला आली आणि तिथून आखातात गेली. त्यातलं 'ट्वीड' हे जहाज मुंबईचंच. १८५४ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली 'पंजाब' ही वाफेवरची युद्धनौका पुढे विकली गेली, तिची यंत्रं काढली आणि नाव बदललं. केबल चालली.

पाण्यातलं वजन

अटलांटिकसाठी १८६५ची नवी मांडणी अशी : तांबं ३०० पौंड, गटापर्चा ४०० पौंड. गटापर्चा चार थरांत, आणि थरांच्या मध्ये चॅटर्टन यांचं लुकण, म्हणजे तीन भाग गटापर्चा, एक भाग राळ, एक भाग स्टॉकहोमचं डांबर. तांब्याच्या सात तारा याच लुकणात बसवलेल्या, म्हणजे तारांच्या मधल्या फटींतून पाणी पुढे सरकत जाणार नाही. एका थरात बुडबुडा राहिला तरी वरचा थर तो झाकतो. तांब्याची वाहकता मोजून घ्यायची हे आता कंत्राटातच होतं. पोटातली तार कारखान्यापासून जहाजापर्यंत पाण्याच्या टाक्यांत ठेवायची, ऊन लागूच द्यायचं नाही.

इथे एक हिशोब करून पाहण्यासारखा आहे. तांबं २.८ पट झालं, तर रोध तेवढ्याने कमी झाला. पण गटापर्चा तांब्याच्या मानाने जाड झाला नाही. बाहेरचा व्यास आणि तांब्याचा व्यास यांचं प्रमाण १८५८ साली साडेचार होतं, ते सव्वातीनवर आलं. त्यामुळे साठवणक्षमता साधारण ३० टक्क्यांनी वाढली. दोन्ही मिळून उशीर निम्म्याहून कमी झाला, आणि तांबं शुद्ध असल्याचा फायदा वेगळा. दोन्ही एकदम चारपट का नाही वाढवलं, असं कुणीतरी विचारतंच. मग केबल उचलायला जहाज कुठून आणणार? तेव्हा 'ग्रेट ईस्टर्न' हे एकच जहाज ती सगळी केबल पोटात घेऊ शकत होतं, आणि तेही प्रवासी मिळेनात म्हणून रिकामं होतं म्हणून मिळालं.

चिलखताचा भाग शिकवताना एका वर्षी मालवणकडच्या एका मुलाने मला थांबवलं. त्याच्या घरी मासेमारी. मी म्हणत होतो, जुनी केबल किलोमीटरला ५४८ किलो, नवी ९८० किलो, म्हणजे जवळपास दुप्पट जड. तो म्हणाला, "सर, जमिनीवरचं वजन कशाला सांगताय? पाण्यात किती?" अगदी बरोबर. पाण्यात जुनी ३६७ किलो आणि नवी ३८४. फरक पाच टक्क्यांच्याही आत. बारीक तारांच्या १८ दोऱ्यांऐवजी आता कणखर पोलादी लोखंडाच्या १० जाड तारा होत्या, प्रत्येक जवळपास अडीच मिलिमीटर, आणि प्रत्येकीवर मनिला वाखाचं वेष्टण. मनिला वाख म्हणजे फिलिपिन्समधल्या केळीच्या जातीतल्या अबाकाचा धागा. जहाजांचे दोर याचेच होत, कारण खाऱ्या पाण्यात तो टिकतो. जागा भरपूर व्यापतो आणि वजन कमी, म्हणून पाण्यात केबल उचलून धरल्यासारखी होते.

तुटायची ताकद सव्वातीन टनांवरून पावणेआठ टनांवर गेली. जुनी केबल जहाजावरून सरळ खाली सोडली असती तर नऊ किलोमीटरवर स्वतःच्याच वजनाने तुटली असती, नवी वीस किलोमीटरच्या पुढे. मार्गावरची सगळ्यात मोठी खोली २,४०० वाव, म्हणजे सुमारे साडेचार किलोमीटर. तेव्हा जुनीलाही दुप्पट माया होती, मग ती तुटली कशी? मालवणच्याच मुलाने उत्तर दिलं, "बोट वर-खाली होते ना सर." बाकीच्यांना तेच समजायला अर्धा तास लागला.

घुसलेल्या तारा

इतकं करूनही १८६५ साली केबल हरवली, आणि पुन्हा पदार्थामुळेच. 'ग्रेट ईस्टर्न'वरून केबल सोडताना दोनदा वीज पाण्यात पळू लागली. केबल मागे ओढून पाहिली तर दोन्ही वेळा लोखंडी तारेचा छोटा तुकडा गटापर्चात आरपार घुसलेला. जहाजावर संशयाचं वातावरण पसरलं, कुणीतरी मुद्दाम खिळे ठोकतंय. टाकीत पहारा बसवला. मग टाकीतल्या वेटोळ्यांवरच तुटून वर आलेली तारांची टोकं दिसली. नवं लोखंड कणखर होतं, पण काही तारा ठिसूळ निघाल्या. हजारो टनांच्या वेटोळ्यांखाली त्या मोडत होत्या, आणि डांबराच्या चिकटपणामुळे मोडलेले तुकडे जागीच धरून राहत होते. वरून दाब आला की सरळ आत.

पदार्थ निवडताना ताकद वाढवली की तो ठिसूळ होतो का, हे विचारायचं असतं. ही गोष्ट लोहार कोयत्याला पाणी देताना पाळतो. इथे ती दहा तारांत कुठेतरी सुटली. २ ऑगस्टला, आयर्लंडपासून हजार मैलांहून पुढे, तिसऱ्या बिघाडासाठी केबल मागे ओढताना ती तुटली आणि दोनेक मैल खोल गेली.

१८६६च्या केबलमध्ये आतला भाग तोच ठेवला. बाहेर दोन बदल केले. तारांना जस्त दिलं आणि वाखाला डांबर लावलं नाही, म्हणजे तुकडा तुटलाच तर चिकटून राहू नये. हवेतलं वजन कमी झालं, ताकद आठ टनांच्या पुढे गेली. मला या सबंध प्रकरणातला हा निर्णय सगळ्यात आवडतो. डांबर काढणं म्हणजे संरक्षण काढणं, ऐकायला वेडेपणा वाटतो. पण कशापासून संरक्षण हवं, हे एक वर्ष आधी मध्यसमुद्रात कळलेलं होतं.

२७ जुलै १८६६ला केबल न्यूफाउंडलंडच्या हार्ट्स कंटेंट गावी लागली. मग 'ग्रेट ईस्टर्न' परत मध्यसमुद्रात गेलं, गळ टाकून गेल्या वर्षीची केबल दोन मैल खोलीवरून वर काढली, नवा तुकडा जोडला आणि सप्टेंबरमध्ये तीही किनाऱ्याला लावली. वर्षभर तळाशी पडलेल्या त्या केबलमधून संदेश आले तेव्हा गटापर्चावरचा वाद मिटला. लॅटिमर क्लार्क यांनी तर न्यूफाउंडलंडकडची दोन टोकं एकमेकांना जोडायला लावली, शिवणकामातल्या चांदीच्या अंगुस्तानात थोडं आम्ल आणि जस्ताचा तुकडा घातला, आणि तेवढ्या घटाच्या जोरावर संदेश अटलांटिकपार जाऊन परत आला. व्हाइटहाउस यांच्या २,००० व्होल्टच्या जागी अंगुस्तानभर आम्ल.

पांढरं जहाज

१८६९च्या अखेरीस हेच 'ग्रेट ईस्टर्न' मुंबईसाठी केबल घेऊन निघालं. सुएझचा कालवा नुकताच उघडला होता, पण हे जहाज त्यात मावणारं नव्हतं, म्हणून केप ऑफ गुड होपला वळसा. उष्ण कटिबंध दोनदा ओलांडायचा, तर पोटातल्या गटापर्चाचं काय? टाक्यांत पाणी होतंच, शिवाय काळ्या जहाजाला बाहेरून पांढरा रंग दिला. कीहॅमच्या आवारात उघड्यावर पडलेल्या केबलपासून इथवर यायला बारा वर्षं लागली. जानेवारी १८७०मध्ये मुंबईकरांनी पाहिलं ते हे पांढरं जहाज. फेब्रुवारीत ते एडनकडे केबल सोडत निघालं, आणि जूनमध्ये मुंबई ते कॉर्नवॉलचं पोर्थकर्नो अशी समुद्राखालची साखळी पूर्ण झाली.

याची किंमत जंगलाने दिली. गटापर्चाचं झाड सालीला खाचा पाडून पुरेसा चीक देत नाही, म्हणून लोक ते तोडूनच चीक काढत. सिंगापूर बेटावरची झाडं तर केबलचा धंदा जोरात यायच्या आधीच संपत आली होती. पुढे जावामध्ये चिपेतिरला लागवड झाली आणि पानांतून गटापर्चा काढायला लागले. समुद्राखालच्या केबलमध्ये त्याची जागा घेणारा पदार्थ १९३३ साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत अपघाताने सापडला, पॉलिथिन, आपली पिशवी ज्याची असते तेच. १९५६ची अटलांटिकपार पहिली टेलिफोन केबल त्याचीच. आज वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या फायबर केबलवरही तेच आहे, आत काचेचे तंतू, भोवती पोलादी तारा, विजेसाठी तांब्याची नळी आणि त्यावर पॉलिथिन.

लाल समुद्रातल्या जुन्या केबलचं एक राहिलं. तिच्या कंपनीला ब्रिटिश सरकारने आठ लाख पौंडांवर साडेचार टक्के व्याजाची ५० वर्षांची हमी दिली होती, आणि त्या करारात केबल चालू असली पाहिजे अशी अटच नव्हती. नवी केबल तिच्या शेजारून गेली, मुंबईच्या तारा लंडनला पोहोचू लागल्या, आणि प्रवाळावर लोंबकळून गंजून गेलेल्या त्या मुक्या केबलचे ३६,००० पौंड दर वर्षी भागधारकांना मिळत राहिले, ऑगस्ट १९०८पर्यंत.